भाड्याचे बूट आणि उज्ज्वलाताई

उज्ज्वलाताई माझ्यावर पहिल्यांदा खेकसल्या तेव्हा मी त्यांच्यासमोर मोजे घालून उभा होतो, एकावर एक दोन.

जुलैच्या शाळेच्या सुट्ट्या होत्या. सिडनीच्या स्कोफिल्ड्स उपनगरातून आम्ही चार मराठी कुटुंबं अंधारातच निघून सकाळी कूमा नावाच्या गावात पोहोचलो होतो. बर्फाचे डोंगर तिथून पुढे तासाभरावर. वर जाण्याआधी या गावात थांबून स्की, बूट, हेल्मेट भाड्याने घ्यायचं, असा इकडचा शिरस्ता. आमच्यातलं कोणीही तोवर स्कीवर उभं राहिलेलं नव्हतं. बर्फाशी आमचा संबंध उसाच्या रसापुरता.

"दोन मोजे कोणी सांगितले?" काउंटरमागून चक्क मराठीत आवाज आला.

डोक्यावर हाताने विणलेली जांभळी कानटोपी, गळ्यात पट्ट्याला लटकवलेला स्क्रूड्रायव्हर, गालात लवंग. वय साठीच्या आसपास.

"थंडी वाजेल ना," मी म्हणालो.

"रक्त फिरलं नाही तर जास्त वाजेल. एक काढ. पातळ आहे तो ठेव."

मी मुकाट्याने एकेक मोजा काढला. मग इराची पाळी. माझी मुलगी, तेव्हा आठ वर्षांची. बूट घालून ती म्हणाली, "बाबा, माय टोज आर टचिंग." मी लगेच म्हणालो, "हिला एक नंबर मोठा द्या. वाढत्या अंगाची आहे."

दुकानात दहा-बारा माणसं असतील. उज्ज्वलाताईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बूट परवा संध्याकाळी परत करायचेत," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात पोरगी किती वाढणार आहे?"

सगळे हसले. माझा असा काही तीळपापड झाला की विचारू नका. पैसे आपण मोजायचे आणि वर चारचौघांत बोलणीही आपणच खायची? पण खरं सांगायचं तर राग आला तो बाई बरोबर बोलल्या म्हणून. शाळेचा गणवेश, पावसाळी बूट, लग्नातला कोट, आमच्या घरात सगळं एक माप मोठं घ्यायची रीत. माझे बूट मला बसायला लागेपर्यंत त्यांचे तळ झिजलेले असायचे. ती सवय मी इतकी न तपासता ऑस्ट्रेलियात आणली होती, की दोन दिवसांच्या भाड्याच्या बुटालाही मी तीच लावली.

त्यांनी इराला उभं केलं. "गुडघे वाकव. देवाला पाया पडताना सुरुवातीला वाकवतेस ना, तेवढेच." इराने वाकवले. "आता बोटं टेकतात?"

"नो. दे मूव्ह्ड बॅक."

"मग हाच तुझा बूट." टोपीला न शोभणाऱ्या कडक चेहऱ्याने त्यांनी खिशातून तिळाची वडी काढून तिला दिली. वडी फक्त गुडघे वाकवून बोटं हलवून दाखवणाऱ्या मुलांना मिळे. मोठ्यांना नाही.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. स्कीच्या बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं. पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो तर दारातूनच हाक आली, "ए सव्वीस, उजवा पाय रुंद! इकडे ये." माझी बायको प्राजक्ता त्यांच्या लेखी साडेतेवीस, इरा एकवीस. पुण्यात त्या हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या, एवढं मला नंतर कळलं. इथे नर्सिंगच्या परीक्षा परत द्यायचं राहिलं ते राहिलंच. हिवाळाभर हे दुकान आणि एरवी गावातल्या वृद्धाश्रमात काम. त्याबद्दल त्या कधी रडगाणं गात नसत. रागवायला त्यांच्याकडे दुसरे विषय पुष्कळ होते.

मुख्य विषय म्हणजे फॉर्म. स्की भाड्याने घेताना उंची, वजन, वय लिहायचं असतं आणि आपण कोणत्या प्रकारात मोडतो त्यावर खूण करायची असते. टाइप वन म्हणजे नवखा, जपून चालणारा. टाइप टू मधला. टाइप थ्री म्हणजे वाऱ्यासारखा सुटणारा. बूट स्कीला पकडून ठेवणारी जी कळ असते, तिला बाइंडिंग म्हणतात, तिचा स्क्रू या माहितीवरून पिळायचा. नवख्याचा सैल, म्हणजे पडल्याबरोबर स्की पायातून सुटावी. तरबेज माणसाचा घट्ट, म्हणजे वेगात असताना ती भलत्या वेळी निघू नये. नवख्याच्या पायात घट्ट कळ असली की माणूस पडतो, स्की सुटत नाही आणि मग गुडघा सुटतो.

इतकं सोपं आहे. पण आपला माणूस स्वतःच्या हाताने टाइप वन लिहील तर शपथ! आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी टाइप टूवर खूण केली. का, तर त्याने व्हिडिओ पाहिले होते.

"किती वेळा केलंय स्कीइंग?" उज्ज्वलाताईंनी विचारलं.

"तसं फर्स्ट टाइमच, पण आय ॲम अ क्विक लर्नर."

"हे इंटरव्ह्यूत सांग. बर्फ सीव्ही वाचत नाही." त्यांनी त्याच्याच हाताने खोडायला लावून टाइप वन लिहून घेतलं. तशीच लांब स्कीची हौस. आम्हा सगळ्यांना उंच, चकचकीत जोड हवे होते. त्या स्की माणसाशेजारी उभी करत आणि टोक हनुवटीच्या वर गेलं की परत मांडणीवर ठेवून देत. "फोटोत छान दिसेल, वळताना दिसेल काय होतं ते. आखूड घे. आखूड वळते."

वजनाच्या बाबतीत मात्र त्यांची वेगळीच रीत होती. बायका वजन कमी लिहितात हे त्यांना पाठ होतं. पडद्यामागे त्यांनी काटा ठेवला होता. एकेकीला आत न्यायच्या, आकडा बघायच्या आणि फॉर्म स्वतः भरून घडी घालून ठेवायच्या. नवऱ्याने डोकावलं तर म्हणायच्या, "साहेब, तुमचं काही राहिलंय का आत?" साहेब म्हटलं की समजायचं, पारा चढलाय.

दुकानाच्या मागच्या भागात एक गृहस्थ उंच स्टुलावर बसून स्कींना मेण लावत असत. डावा पाय कायम सरळ, समोर पसरलेला. हे त्यांचे यजमान, श्रीधरराव. ऑफिसच्या सहलीत साहेबाच्या शेजारी उभं राहून त्यांनी टाइप थ्री लिहिलं होतं. कोणी फारच हुज्जत घातली की उज्ज्वलाताई मान मागे वळवून म्हणायच्या, "अहो, जरा उठून चालून दाखवता का यांना?" ते बिचारे खरंच उठायचे. पाय ओढत चार पावलं चालून, हसून परत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या बाईंचा संताप आला होता. नवऱ्याचं हे असं प्रदर्शन? आता वाटतं, त्यांच्याजवळ दाखवण्यासारखं दुसरं काय होतं? फॉर्म कोण वाचतो?

दुकानाचा मॅनेजर ब्रेट नावाचा तरुण होता. स्वभावाने गोड, गुळगुळीत. प्रत्येक गोष्टीला 'नो वरीज'. एकदा माझ्यासमोरच तो एका तक्रारखोर गिऱ्हाइकाला 'नो वरीज, मेट' म्हणाला आणि या मागून कडाडल्या, "आय वरी, ब्रेट. समबडी हॅज टु."

आता तिसऱ्या वर्षाचं सांगतो. सांगताना अजून माझे कान तापतात.

तोपर्यंत आमच्या गटाचा पुढारी मंदार झाला होता. माझ्याच गल्लीत राहतो. माणूस मदतीला धावणारा, पण प्रत्येक गोष्टीत दुसऱ्याचं आपण ठरवायचं ही खोड. त्याची अन्वी आणि माझी इरा एका वर्गात. अन्वीला त्याने स्की-स्कूलमध्ये घालून चांगली शिकवली होती. इरा मात्र वर्षातून एक वीकेंड जाणारी. स्कीची टोकं जवळ आणून, मागे फाकवून हळूहळू उतरायची. मुलं त्याला पिझ्झा म्हणतात. प्राजक्ताने घरून निघतानाच मला बजावलं होतं, "इराला बिगिनरच ठेव. तू मंदारच्या नादाला लागू नकोस."

दुकानात प्राजक्ता हेल्मेटच्या रांगेत होती. मी फॉर्म भरत होतो. मंदार खांद्यावरून डोकावला.

"टाइप वन? अरे तिसरं वर्ष आहे तिचं! अन्वीबरोबर वरच्या रनला जायचंय त्यांना. तिचा कॉन्फिडन्स कशाला मारतोस?"

कॉन्फिडन्स. या एका शब्दाखाली आम्ही आमची किती हाव लपवतो! मला इराच्या कॉन्फिडन्सचं काही पडलं नव्हतं. मंदारची मुलगी टाइप टू आणि माझी अजून टाइप वन, हे मला सोसत नव्हतं. मी टाइप टूवर खूण केली आणि सही ठोकली.

उज्ज्वलाताईंनी फॉर्म वाचला. इराला विचारलं, "थांबतेस कशी?"

"पिझ्झा," इरा म्हणाली.

"सव्वीस, हे बदल."

मी काही बोलायच्या आत मंदार बोलला. "ताई, पेरेंटने साइन केलंय. तुमचं काम स्की द्यायचं आहे. लेक्चर द्यायचं नाही."

"साहेब, मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"मग मी मॅनेजरशी बोलतो. आणि रिव्ह्यूही टाकतो. आमची पूर्ण कम्युनिटी इथे येते."

ब्रेट आला. फॉर्म पाहिला, सही पाहिली. "ही साइन्ड फॉर इट, अज्. जस्ट डू इट, हे?" तिकडे सगळे त्यांना अज् म्हणत.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना वाटलं असेल, हा बदलेल. माझ्या हातात पेन होतं. मी इराच्या जॅकेटची चेन वर-खाली करत बसलो. मग त्यांनी स्की उचलल्या, खाली बसल्या, स्क्रू पिळले. इराला वडी दिली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

दुपारी वरच्या रनवर, म्हणजे जास्त तीव्र उतारावर, इरा पडली. मी वीसेक फुटांवर होतो. एक स्की बर्फात रुतली, अंगाला पीळ बसला, इरा गर्रकन फिरली आणि दोन कोलांट्या खाऊन थांबली. मी कसा पोहोचलो मला आठवत नाही. रुतलेली स्की पायातून सुटून मागे उभी होती. पट्रोलवाला आला, डोंगरावर गस्त घालणारा, लाल जॅकेटमधला वयस्कर माणूस. त्याने इराचा पाय घोट्यापासून मांडीपर्यंत दाबून पाहिला, आणि मला म्हणाला, "गुड थिंग इट पॉप्ड ऑफ, मेट. हूएव्हर सेट दॅट न्यू वॉट दे वेअर डुइंग." नाहीतर, म्हणाला, हेलिकॉप्टर बोलवावं लागलं असतं. इराने उठून बर्फ झटकला आणि हॉट चॉकलेट मागितलं.

हे त्याने मला सांगितलं. इंग्रजीत, स्पष्ट, दोन फुटांवरून. मला समजलं नाही असं मी आता म्हणू शकत नाही.

मंदार खाली भेटला. त्याला एवढंच समजलं की चालता चालता स्की निघाली. "निघाली म्हणजे? स्की आपोआप कशी निघते? डिफेक्टिव्ह आहे!" निघाली म्हणजे बिघडली. पंखा पडला, चप्पल तुटली, तसं. जी वस्तू निघण्यासाठीच बनवली आहे, ती निघाली म्हणून आमची तक्रार!

संध्याकाळी सामान परत करायला गेलो. मंदारने स्की काउंटरवर आपटली. ब्रेटने कळीवरचा आकडा पाहिला, फॉर्म पाहिला, तक्त्यावर बोट फिरवलं. आकडे जुळत नव्हते.

"अज्, दिस इज सेट ॲज अ टाइप वन."

"येस," उज्ज्वलाताई म्हणाल्या. "आय चेंज्ड इट."

ज्या बाईने तीन वर्षं आम्हाला एक किलोचं खोटं लिहू दिलं नाही, तिने कागदावर एक ठेवलं होतं आणि स्क्रू दुसऱ्याच आकड्यावर पिळला होता. नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. ब्रेटचा चेहरा पडला. गिऱ्हाइकाची सही असताना सेटिंग परस्पर बदलणं म्हणजे तिथे नोकरीवरच गदा. मागे श्रीधरराव स्टुलावरून उतरून, सरळ पाय टेकत दारापाशी आले होते.

उज्ज्वलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना एक वाक्य हवं होतं. 'स्की सुटली म्हणून माझ्या मुलीचा पाय वाचला, पट्रोलवाल्याने सांगितलंय.' एवढंच. पण प्राजक्ता शेजारी उभी होती, इराचा हात धरून. ते वाक्य उच्चारलं की पुढचा प्रश्न आला असता, की टाइप टू लिहिलं कोणी? म्हणून मी गप्प बसलो. मुलीचा पाय वाचवणाऱ्या बाईची नोकरी जात होती आणि मी बायकोची बोलणी वाचवत होतो.

"वी विल टॉक इनसाइड, अज्," ब्रेट म्हणाला. त्यांनी गळ्यातला स्क्रूड्रायव्हर काढून काउंटरवर ठेवला, पट्टा नीट गुंडाळून.

दोन दिवसांनी मंदारने सिडनीच्या मराठी मंडळींच्या फेसबुक ग्रुपवर लांबलचक पोस्ट टाकली. 'आपल्याच माणसाने आपल्याला फसवलं', 'मुलीच्या जिवाशी खेळ', वगैरे. खाली लोकांच्या कमेंटचा पाऊस. आपली माणसं बाहेर अशीच वागतात, रूड असतात, कुठेही वशिल्याने चिकटतात. यातल्या किती जणांनी स्की पाहिली होती देव जाणे. मंदारने मला मेसेज केला, 'अरे तू तरी लाइक कर, तुझ्या मुलीसाठी लढतोय.' मी अंगठा दाबला. कोणी मानेवर सुरी ठेवली नव्हती. स्टेशनवर ट्रेनची वाट बघत उभा होतो, एका हातात कॉफी होती, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दाबला.

प्राजक्ताला मी हे सगळं सांगितलं ते सात-आठ महिन्यांनी, इराचे लहान झालेले बर्फाचे कपडे ती काढत असताना. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला कशाला सांगतोयस? त्यांना जाऊन सांग." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी लाइक काढून टाकला, जणू काही कोणी वाटच बघत होतं. दुकानाला सविस्तर ईमेल लिहिली. 'थँक्स फॉर युअर फीडबॅक' असं उत्तर आलं. मंदारला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे रे, जुनं झालं." त्या दिवसापासून माझं आणि त्याचं हाय-हॅलोपुरतंच आहे. पण त्याच्यावर किती दिवस राग काढणार? सही त्याची नव्हती.

शेवटी त्या वर्षीच्या सुट्टीत मी इराला घेऊन कूम्याला गेलो. स्कीच्या दुकानात काउंटरवर एक तरुण मुलगा होता. समोरच्या माणसाने टाइप टू लिहिलं, मुलगा 'नो वरीज' म्हणाला आणि भराभर स्क्रू पिळला. मागचं स्टूल रिकामं होतं. अज् आता मेन स्ट्रीटवरच्या चपलाबुटांच्या दुकानात असते, असं त्याने सांगितलं.

तिथे गेलो तर त्या एका आजोबांच्या पायात बूट चढवत होत्या. तीच जांभळी टोपी. गळ्यात आता टाच बुटात सरकवायचा शूहॉर्न लटकत होता. मला पाहून त्यांनी आजोबांचं काम पूर्ण केलं, त्यांना दारापर्यंत पोहोचवलं, मग माझ्याकडे वळल्या.

"काय हवंय तुम्हाला?"

सव्वीस नाही, तू नाही, खेकसणं नाही. तुम्ही. हे 'तुम्ही' ऐकण्यापेक्षा मी चारचौघांत शिव्या खायला तयार होतो.

"ताई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"हवं होतं," त्या म्हणाल्या.

मी गाडीत पाच तास जुळवलेलं सगळं भाषण तिथे संपलं. फेसबुकचं सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "वाचलंय मी. नावंही वाचलीत." मग त्या इराकडे वळल्या. चेहरा किंचित सैल झाला. "पाय कसा आहे गं?"

"गुड," इरा म्हणाली. आणि जरा थांबून, "थँक यू फॉर माय लेग."

तिला मी गाडीत सांगितलं होतं. अकरा वर्षांच्या मुलीने ते एका वाक्यात म्हणून टाकलं. उज्ज्वलाताईंनी ओठ घट्ट मिटले. मग सवयीने त्यांची नजर खाली गेली, इराच्या बुटांवर. नवे, पांढरे, सेलमधले. त्या गुडघ्यावर बसल्या आणि बुटाच्या टोकावर अंगठ्याने दाबलं. टोक खाली गेलं. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"कोणी घेतले?"

"मी," मी म्हणालो. "एकच नंबर मोठा आहे. शाळेच्या अजून दोन टर्म..."

पुढचं माझं मलाच बोलवेना. त्यांनी माझं मनगट धरून मला खाली बसवलं आणि माझा अंगठा त्या टोकावर ठेवला. "दाबा."

मी दाबला. तोच अंगठा. खाली पायाचं बोट नव्हतं, नुसती पोकळी होती.

"इट्स फाइन," वरून इरा समजुतीच्या सुरात म्हणाली. "आय जस्ट वेअर टू सॉक्स."

उज्ज्वलाताई उठल्या. आत गेल्या, एक नंबर लहान जोड घेऊन आल्या. इराच्या पायाशी बसून त्यांनी तिचे वरचे मोजे काढले, घडी करून न बघताच माझ्या हातात दिले, आणि माझ्याकडे पाठ करून नव्या बुटांच्या लेस बांधायला लागल्या.